वरच्या फळीवरचं धान

पुणे स्टेशनवर मुक्ता मला सोडायला आली, तेव्हा माझ्या खांद्याला कपड्यांची पिशवी होती आणि दोन्ही हातांनी मी स्टीलचा डबा धरला होता. मुक्ता माझी लेक. "आई, भंडाऱ्याला धान घेऊन निघालीस? तिकडे कमी पडलंय का?" ती म्हणाली. शेजारचा हमालही हसला. मी हसले नाही. हे धान मातीत पडलेलं बघूनच परत यायचं, असं मी ठरवलं होतं, आणि मी एकदा ठरवलं की घरातलं कुणी माझ्या वाटेला जात नाही.

धान माझ्या मोठ्या आईचं होतं. आमच्याकडे थोरल्या काकूला मोठी आई म्हणतात. वडिलांच्या सारख्या बदल्या व्हायच्या, म्हणून चौथी ते दहावी मी तिच्याकडे राहिले. वेण्या तिने घातल्या, पाढे तिने ऐकले (स्वतःला एकही येत नसताना), आणि धपाटेही तिचेच. ती दरवर्षी थोडं चिन्नोर लावायची. बारीक, वासाचं धान. चुलीवर भात रटरटू लागला की चार घरं पलीकडे कळायचं. संक्रांतीच्या सुमारास कुणाबरोबर तरी ती मला तांदळाची पिशवी पाठवायची. शेवटच्या खेपेला मात्र तांदूळ नव्हता, टरफलासकट धान आलं. मी फोन करून मोठ्याने हसले. "मोठी आई, कांडायचं विसरलीस की काय?" "राहू दे तुह्याजवळ. वरच्या फळीवर ठेव," एवढंच म्हणाली. मला वाटलं, वय झालं, आता विसरते. त्याच वर्षी जूनमध्ये ती गेली.

तेरवीला मी गावी होते. पंगतीत चिन्नोरचा भात होता. शेजारच्या बाईला मी अभिमानाने सांगितलं, "मोठ्या आईच्या हातच्या धानाचा आहे," आणि दोनदा वाढून घेतला. यंदा मे महिन्यात तिचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, फोनवर सहज म्हणाला की घरातलं चिन्नोर संपलं. तेरवीच्या धावपळीत कोपऱ्यातलं पोतं गिरणीवर गेलं, आणि ते बियाण्याचं होतं. फोन ठेवला आणि मी स्टूल घेऊन वरच्या फळीकडे गेले. डबा जागेवर होता.

नागपूरला उतरले तेव्हा सकाळचे आठही वाजले नव्हते, तरी ऊन तापलं होतं. भंडाऱ्याच्या बसस्टँडबाहेर तर्री पोहे खाल्ले. तर्री (तेल तरंगणारा झणझणीत रस्सा) पुण्यात पंचवीस वर्षं काढलेल्या जिभेला सोसली नाही. डोळ्यांतून पाणी आलं तसा पोहेवाला म्हणाला, "बाई, तुमी इकडच्या नाही वाट्टे." मला त्या तर्रीपेक्षा हे जास्त झोंबलं.

पवनीच्या बसमध्ये गर्दी होती. कंडक्टरने चांगुलपणाने माझ्या हातातला डबा घेतला आणि ड्रायव्हरशेजारी, इंजिनच्या तापलेल्या झाकणावर ठेवून दिला. मी किंचाळलेच. "अहो, तिथे नको! बी आहे त्यात, भाजून निघेल!"

"सामान मांडीवर नाही ठेवता येत, बाई."

"मग मी उभी राहते. सीटवर डबा ठेवते."

सगळी बस मागे वळून पाहू लागली. माझ्या बाजूच्या म्हातारीने शेवटी तोडगा काढला. तिने आपली भाजीची टोपली सीटखाली ढकलली, डबा आम्हा दोघींच्या मधे ठेवला आणि कंडक्टरला म्हणाली, "जाऊ दे ना बापू. लेकरू समज अन् तिकीट नको फाडू." मग तिने झाकण उघडून एक दाणा काढला आणि दाताखाली धरला. कट्‌ असा आवाज झाला. "कडक हाय. ओल नाही लागली. कवाचा व्हय?"

"दीड वर्ष झालं."

तिने मान हलवली. "कठीण हाय वं. पण पाह्य भिजू घालून."

कारध्याजवळ बसने वैनगंगेचा पूल ओलांडला. पाणी कमी होतं, मधले खडक उघडे पडले होते, आणि एका डोंग्यातून दोघं जण जाळं ओढत होते. हा पूल ओलांडला की माझी बोली आपोआप बदलते. कंडक्टरने पुन्हा विचारलं, "कुठं उतरता?" तर माझ्या तोंडून आलं, "मले कोंढ्याले जाचं हाय." म्हातारी समाधानाने हसली.

कोंढ्याहून ऑटोने घरी. आमचं जुनं गाव गोसीखुर्दच्या धरणात गेलं, तेव्हा चावडीमागची माझ्या शाळेची खोलीही गेली. आताच्या गावाला सगळे नुसतं 'पुनर्वसन' म्हणतात. सरळ रस्ते, एकसारखी घरं, आणि अजून पुरती मोठी न झालेली झाडं. भाऊ दारातच उभा होता. डबा पाहून त्याच्या कपाळावर आठी पडली.

"येवढ्या दुरून हे काहून घेऊन आली?"

"पऱ्हे टाकाले," मी म्हणाले. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. आधी एका तुकड्यात ती दाट वाढवायची, मग उपटून शेतभर रोवायची.

"दीड वर्षाचा धान उगवते का? अन् मी बियाणं आणून ठेवलं. चिन्नोरच पायजे तर बाजारात भेटते."

"बाजारातलं मोठ्या आईचं आहे का?"

त्याने माझ्या खांद्यावरची पिशवी उतरवून घेतली. मोठी आई कापणीआधी शेतभर फिरून एकेक लोंबी निवडायची. वाकडी नको, उंच नको, रंग चढलेली नको. तीस-चाळीस वर्षं निवडून निवडून तिने ते धान आपल्यासारखं करून घेतलं होतं. हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

दुपारी जेवायला लाखोळीची डाळ, अंबाडीची भाजी आणि भात. भात साधाच होता. वहिनी वाढत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती. भाऊ हात धुवायला उठला तेव्हा ती हळूच म्हणाली, "बाई, तो पोता मीच धाडला होता गिरणीवर. घरात चार गावचे पाहुणे, तांदूळ सरला. मले वाटलं, खायाचा हाय. हे एक शब्द बोलले नाही. त्यानंच जास्त लागते." वर्षभर तिने चिन्नोरचा घास तोंडात घातला नव्हता. कुणाकडे पंगतीत वाढला तरी पत्रावळीवर तसाच ठेवायची.

मी तिला सांगितलं की तो भात मी दोनदा वाढून घेतला होता. हे ऐकून तिला रडू आलं की हसू, तिचं तिलाच कळेना. मग तिने एक जुनी गोष्ट सांगितली. जुनं गाव सोडताना ट्रॅक्टरवर पावसात बियाण्याचं पोतं भिजलं आणि सगळं कुजलं. पण मोठ्या आईने दरसाल अर्धं बी आपल्या बहिणीकडे ठेवलेलं असायचं, तिथून तिने ते परत आणलं. "बी एका घरी नाही ठेवाचा, हे त्यायचं पक्कं होतं," वहिनी म्हणाली. "मावशी वारल्या, तवा मी इचारलं, आता कोनाकडे? त म्हने, आपली पोरगी हाय ना पुन्याले."

मोठी आई विसरली नव्हती. तिने मला दुसरं घर केलं होतं, आणि मी फोनवर हसले होते. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्याच संध्याकाळी आम्ही कामाला लागलो. मी सगळा डबा पातेल्यात ओतायला निघाले तर वहिनीने हात धरला. अर्धंच घ्या, म्हणाली. धान एक दिवस पाण्यात भिजवलं, ओल्या गोणपाटात बांधलं, वर तणस (धानाचा पेंढा) घातली आणि पाटा ठेवून दाबलं. भावाने वेगळे शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळले. "याच्यातले तीस तरी निघाले त एक बांधी देतो," तो म्हणाला. बांधी म्हणजे धुऱ्यांनी (मातीच्या बांधांनी) आखलेला शेताचा तुकडा. "नाही त डबा वापस."

"नाही त पुढच्या साली आणखी येईन," मी म्हणाले.

दोन दिवस मी गोणपाटाभोवती घिरट्या घालत होते. वास घ्यायचे, हात लावून ऊब बघायचे. वहिनी ओरडायची, "बाई, सारखं नका हात लावू, त्याले झोपू द्या!" भावाने गोसीच्या धरणातला मासा आणला, वहिनीने चिंचेचा कोळ घालून फर्मास रस्सा केला, पण मला चवीचं भान नव्हतं. काही निघालं नाही तर वहिनीच्या तोंडाकडे बघायचं कसं, हाच घोर लागला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी भावाने अंगणात फडकं उघडलं. वहिनी दारातच थांबली, पुढे येईना. भाऊ एकेक दाणा बाजूला ठेवत मोजू लागला. टोकाला पांढरा कोंब आलेले इकडे, मुके तिकडे. अठ्ठावीस, एकोणतीस. तिथे तो थांबला, चष्मा पुसला. मग पुढे मोजत गेला. त्रेचाळीस झाले.

"आईनं वाळवला बेस होता," तो म्हणाला आणि तोंड फिरवून विहिरीकडे गेला. वहिनी खाली बसून ते कोंब बघत राहिली.

बांधीत मोटारीचं पाणी सोडून चिखल तयार केला होता. मी फेकायला गेले तर मूठभर बी एकाच जागी पडलं, आणि पाय असा रुतला की चप्पल चिखलातच राहिली. भाऊ धुऱ्यावरून हसत होता. मग वहिनी उतरली. तिने पदर खोचला आणि मोठ्या आईसारखं मनगटातून बी फेकत बांधीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मी तिच्यामागे चप्पल शोधत होते.

निघायच्या दिवशी वहिनीने डबा माझ्या हातात दिला. त्यात उरलेलं अर्धं धान होतं. "नवं पीक आलं का हे बदलून देईन," ती म्हणाली. परतीच्या बसमध्ये मी चढतानाच कंडक्टरला बजावलं, डब्याला हात लावायचा नाही.

घरी आल्यावर मी स्टूल घेतलं आणि डबा वरच्या फळीवर ठेवला. मुक्ता बघत होती. "परत आणलंस? आता तरी कांडून आण ना," ती म्हणाली. मी डबा पुन्हा खाली काढला आणि तिच्या दोन्ही हातांत दिला. "बस इथे," मी म्हणाले. "हे बी आहे. हे खायचं नाही. मला कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. तुला मी सगळं सांगते." आणि मोठ्या आईपासून सुरुवात केली.