उजव्या हाताचा चुडा

दिग्रसच्या बाजारामागच्या गल्लीत नवरीचा चुडा पंचफुलाच भरायची. हात पुढे आला की आधी बोटं चोळून सैल करायची. मग हिरवी काच गाठींवरून कधी सरकली ते कळायचंही नाही. कापसाच्या जिनिंगमधला नागोराव अकरा वर्षांपासून तिच्याकडे राहतो, हे गल्लीला ठाऊक होतं. त्याची बायको केव्हाच माहेरी गेलेली; फारकत झालेली नाही. गल्ली मागून बोलायची आणि बांगड्या तिच्याकडूनच भरायची. तिची बांगड्यांची पेटी घ्यायला आलेला नागोराव मात्र कुणाच्या दारापर्यंत यायचा नाही. कोपऱ्यावर थांबायचा.

नवरी मोनालीचा डावा हात भरून झाला होता. उजव्यात दुसरी बांगडी चढत असताना उमरखेडहून आलेली नवरदेवाची आत्या म्हणाली, "बाई, मालक काय करते तुमचे? गळ्यात काहीच नाही, म्हून इचारलं."

"जिनिंगवर हायेत ना!" मोनालीची आई कोकिळा घाईनं म्हणाली. "चहा घ्या, आत्याबाई."

पंचफुलाला गप्प बसता आलं असतं. बांगडी गाठींवर अडली होती, मोनालीचा हात आखडला होता. इथं काच तडकली तर अपशकुन, आणि तो कुणाच्या नावावर जाईल हेही ठरलेलं. पण आजवर कुणी तोंडावर विचारलंच नव्हतं.

"मालक नाही," ती बांगडीवरची नजर न काढता म्हणाली. "लग्न नाही झालं आमचं. संगं राह्यतो."

आत्याबाईंनी चहाची कपबशी खाली ठेवली.

"अवं कोकिळाबाई, अशीच्या हातचा चुडा घालून आमच्या घरी येईन का पोरगी? काढ वं हात. दुसरी बोलवा."

कोकिळा पदराचं टोक पिळत राहिली. पंचफुलानं बांगडी रेटली नाही, मागंही घेतली नाही. हातातला हात गार पडला होता. मग हळूहळू त्याची बोटं सैल झाली.

"भरा, मावशी," मोनाली खाली पाहतच म्हणाली.

एकही काच तडकली नाही. आत्याबाई मात्र उठून ओसरीत गेल्या. कोकिळानं पंचफुलाला तांदूळ-नारळ दिला. कुंकू लावायला उघडलेला करंडा मात्र तिच्या हातातच राहिला.

पंचफुला दारात आली. नागोराव कोपऱ्यावर उभा होता.

"इकडं या," तिनं तिथूनच हाक मारली. "पेटी जड हाय."

तो बिचकला. "तिथं? सारे पाहून राह्यले."

"पाहू द्या."

आणि पेटी धरून ती उंबऱ्यावरच थांबली.