पाहणीच्या दिवशीची चादर

नगरपालिकेच्या चाळीत आमची खोली शेवटची. मागं सार्वजनिक पाण्याची टाकी, ती झिरपायची थेट आमच्या भिंतीत. बारा महिने भिंत ओली, काळी बुरशी, आणि तिला लागूनच आईची खाट. दुसरीकडं जागाच नव्हती. आईला दमा. श्रीरामपुरातले डॉक्टर चिडून म्हणाले, "औषधं किती देऊ? आधी त्यांना त्या भिंतीपासून सोडवा."

सोडवा म्हणे! खोली काय आमच्या मालकीची होती? पालिकेत खेटे घालून माझ्या चपला झिजल्या. चाळीच्या तोंडाशी एक कोरडी खोली कुलपात पडून होती, तेवढी बदलून द्या, एवढंच मागणं. शेवटी साहेब म्हणाले, "बुधवारी पाहणीला येतो. ओल दिसली की तसं लिहून देतो."

मला आभाळ ठेंगणं झालं. आईला सांगितलं, "बुधवारी साहेब येणारेत," आणि खाडा परवडत नव्हता म्हणून बुधवारी सकाळी दुकानात शिवणकामाला गेले. भिंतीला हात लावू नकोस, हे सांगायचं सुचलंच नाही. तिथंच माझं चुकलं.

संध्याकाळी आले तर दारात रांगोळी. आत चुन्याचा वास. आईनं शेजारणीला हाताशी धरून भिंत खरवडली होती, चुना फासला होता, आणि वर ठेवणीतली फुलाफुलांची चादर टांगली होती. खाटेवर बसून धापा टाकत होती, पण तोंडावर समाधान बघा!

"साहेब आलं हुतं. लई चांगला मानूस. पोहे खाल्ले, चहा घेतला. घर नीटनेटकं ठिवलंय म्हनलं."

"आणि भिंत?"

"आगं, पयल्यांदा घरात आलेल्या मानसाला बुरशी दाखवायची व्हय? आपली काय इज्जत हाय का न्हाई?"

मी ओरडले. आजारी आईला नको नको ते बोलले, ते अजून काळजाला टोचतं. पण तो साहेब तरी काय! घर पालिकेचं, मग पालिकेच्याच माणसानं चादर बाजूला करून भिंतीला एकदा हात लावू नये? खाटेवरच्या बाईला श्वास का पुरत नाही, एवढं विचारू नये? कागदावर लिहून गेला: खोली राहण्यास योग्य.

मी पुन्हा अर्ज केला. "पाहणी झालीय की तुमची," एवढंच उत्तर. पंधरा दिवसांत चादरीमागं चुन्याचे पोपडे गळायला लागले. त्याच पावसाळ्यात आई गेली. ती कोरडी खोली अजून कुलपातच आहे.

अंत्यविधी उरकून आलो. शेजारीण म्हणाली, "माणसं येतील आता भेटायला." चादर एका बाजूनं सुटून लोंबत होती, मागची काळी भिंत दिसत होती. मी उठले, स्टुलावर चढले, आणि चादर पुन्हा ताणून बांधली.