दिनूच्या जागी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, गावी आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही दिनूला ओळखत नाही — म्हणूनच असेल.

दिनू आणि मी संगमेश्वरकडचे, एकाच वाडीतले. बहरीनला आलो तेही एकाच गॅरेजात. तो डेंटर, मी मेकॅनिक. एका खोलीत राहिलो, एका टोपातलं जेवलो. एकदा गॅरेजात रिफा गावातल्या एका म्हाताऱ्या बहरीनी माणसाची गाडी आली. त्यांना सगळे बाबा म्हणत. गाडी अमेरिकन, १९३०च्या दशकातली. तेव्हा तिकडे मंदी, लोकांचे खिसे रिकामे. साध्या कारकुनालाही घेता यावी म्हणून बनवलेली. पण रुबाब बघा — लांबलचक नाक, चाकांवरून झोकात उतरणारे मडगार्ड, दारांखाली पाय ठेवायला फळी. आमच्याकडे आली तेव्हा मात्र निम्मी गंजलेली. मडगार्ड कुठे मिळेनात, तर दिनूने पत्रा ठोकून ठोकून ते हातांनी घडवले. इंजिन मी जागं केलं. ती पहिल्यांदा स्वतःच्या ताकदीवर बाहेर पडली, तेव्हा चालवायला बाबा, आणि दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर उभे राहून आम्ही पोरांसारखे ओरडलो होतो.

ती गाडी आम्हा दोघांची — असं मी धरून चाललो होतो.

मग दिनू शुक्रवारच्या सुट्टीला गायब व्हायला लागला. विचारलं तर म्हणायचा, "अदलियाला जाऊन येतो रे, जरा पाय मोकळे करतो." एक दिवस आमचा पेंटर बशीर सहज बोलून गेला, की दिनू बाबांकडे काम करतो. बाबांकडे अजून जुन्या गाड्या आहेत, ते त्याला कायमचा ठेवून घेणार आहेत.

काय वाटलं सांगू? सख्ख्या भावाने परस्पर घर विकावं, तसं. त्याच दिवशी जेवताना तो माशाची मोठी तुकडी माझ्या ताटात घालत होता, आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो — हा माणूस इतक्या सहज खोटं बोलतो? माझ्याशी?

विचारायला हवं होतं. नाही विचारलं. दुसऱ्या दिवशी मॅनेजरकडे गेलो आणि म्हणालो, दिनू बाहेर काम करतो. तो म्हणाला, "पक्का?" मी म्हणालो, "पक्का."

खलास. इथे व्हिसा मालकाच्या हातात; बाहेर काम केलं म्हणून तो रद्द झाला.

बॅग भरताना दिनू रडत होता. "बशीरनेच सांगितलं रे. त्यालाच ठाऊक होतं." आणि मी? त्याच्या बॅगेची चेन लागत नव्हती, ती लावत होतो. "जाऊ दे," एवढंच म्हणालो. निघताना सगळ्यांसमोर तो बशीरच्या तोंडावर थुंकला. बशीरने बाहीने तोंड पुसलं. आपण काय केलं, हे त्याला कळत नव्हतं. मी तिथेच उभा होतो.

थोड्या दिवसांनी बाबांनी मला बोलावलं. त्यांना हिंदी चांगलं येतं. म्हणाले, "दिनू बोला, मेरा भाई भी आएगा, नहीं तो मैं भी नहीं. मैंने हाँ बोला था. उसको पहले पक्का करना था, बाद में तुमको बताना था."

तेव्हा तरी बोललो का? नाही. दिनूला माघारी बोलवा, असंही म्हणालो नाही — आला असता, तर कधी ना कधी त्याला कळलं असतं ना? मी नोकरी घेतली.

हिवाळ्यात बाबांना घेऊन ती गाडी झल्लाकला समुद्रावर नेतो. लोक फोटो काढतात. मडगार्डांवरून हात फिरवतात, ओरिजिनल का म्हणून विचारतात. मी मान डोलावतो.

दिनू आता देवरुखला रिक्षांचे पत्रे ठोकतो. फोन करतो. "तू तरी राहिलास, बरं झालं," म्हणतो — मनापासून म्हणतो, मला त्याचा आवाज कळतो. मग बशीरवर येतो. बेइमान म्हणतो, त्याचं कधी भलं होणार नाही म्हणतो. "नाय का रे?" असं मला विचारतो.

मी हो म्हणतो.