माझ्या पाठीचा ब्लाउज

माझी पाठ वाकडी आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर लोक निम्मं लक्ष बोलण्याकडे आणि निम्मं माझ्या खांद्यांकडे ठेवतात. मणका मध्येच उजवीकडे वळतो आणि खाली जाऊन पुन्हा डावीकडे येतो. त्यामुळे उजव्या खांद्याचं हाड पाठीतून वर आलंय, डावा खांदा उतरलाय आणि कंबर एकाच बाजूने आत गेलीय. शाळेत असताना पट्टा बांधला होता. तो काढल्यावर डॉक्टर म्हणाले, आता एवढं राहणार. बरं, राहू दे. मला त्याचं फारसं काही वाटत नाही. वाटतं ते आईला.

आईचा यावरचा पहिला उपाय म्हणजे "पदर दोन्ही खांद्यांवरून घे." दुसरा उपाय म्हणजे शनिवार पेठेतले आमचे शिंपी, ज्यांना सगळे मास्टर म्हणतात. ते कापडाची घडी घालतात, अर्ध्या पाठीचं माप आखतात आणि कात्री एकदाच चालवून दोन्ही बाजू कापून मोकळे होतात. सगळेच शिंपी तसंच करतात, त्यांचं काही चुकत नाही. फक्त माणूस डावीकडे जसा तसाच उजवीकडे असणार, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. मी तशी नाही. मग डाव्या खांद्यात पॅड भरायचं, उजवीकडे शिलाई सैल सोडायची, आणि एवढं करून गळा घसरतोच. दिवसभर माझा एक हात गळा वर ओढण्यात गुंतलेला. "फिटिंगला काय झालंय कळत नाही," मास्टर दर वेळी म्हणायचे. अहो, फिटिंगला काही झालेलं नाही, जे झालंय ते मला झालंय!

गेल्या उन्हाळ्यात धाकट्या भावाचं लग्न ठरलं. मी त्याची एकुलती एक बहीण, म्हणजे करवली मीच. मंगलाष्टकं चालू असताना नवरदेवाच्या मागे करादिवा घेऊन उभं राहायचा मान माझा. तर एके दिवशी गवार निवडता निवडता आई म्हणाली, "करवली म्हणून तुझ्या मावसबहिणीला सांगितलंय मी. उभं राहून तुझी पाठ दुखते ना."

"माझी पाठ बसून दुखते. उभं राहून नाही."

"तेच ते."

"तेच ते कसं? लग्न माझ्या भावाचं आहे का तिच्या?"

आईने एका शेंगेचे उगाचच बारीक बारीक तुकडे केले. "बरं, मग वरून शाल घे."

"मे महिन्यात? कार्यालय पुण्यातच आहे ना, का दार्जिलिंगला घेतलंय?"

आमची बरीच जुंपली. भाऊ खोलीतून डोकावला आणि शहाण्यासारखा परत आत गेला. शेवटी आई म्हणाली, "ब्लाउज नीट बसला तर बघू." तिचं नीट म्हणजे पाठ दिसणार नाही असं. माझं नीट म्हणजे पाठीला बसेल असं. मी मनाशी ठरवलं, ब्लाउज माझ्या नीटचा होणार आणि करादिवा माझ्याच हातात असणार.

आता माझ्या नोकरीविषयी सांगायला हवं. मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करते आणि माझ्या वाट्याला येतात त्या वाकड्या भिंती. एखाद्याला इमारतीचा दर्शनी भाग लाटेसारखा हवा असतो, पण पत्रा येतो सपाट. मोसंबीची साल टेबलावर सपाट करायला गेलं की ती फाटते. तसंच आहे हे. मग ती कुठे कापायची, किती पट्ट्या करायच्या, म्हणजे जोडल्यावर पुन्हा तोच गोल आकार येईल, हे कोडं मी कॉम्प्युटरवर सोडवते. त्यात आम्ही एकेक पत्रा हाताने काढत बसत नाही. पत्र्यांनी कसं वागायचं त्याचे नियम लिहितो. एक आकडा बदलला की सगळे पत्रे आपापली मापं बदलून घेतात. या वाकड्या भिंती बघायला लोक गिऱ्हाइकांना गाडीत घालून घेऊन येतात, मान वर करकरून वा वा म्हणतात. मग माझ्या पाठीने काय घोडं मारलंय?

एका शनिवारी ऑफिस रिकामं असताना मी तिथल्या मैत्रिणीला मोबाइल घेऊन माझ्याभोवती फिरायला लावलं. फोनने अंगाचा आकार टिपून घेता येतो. "अशी ताठ काय उभी राहिलीस?" ती ओरडली. "नेहमीसारखी उभी राहा." मी कोणाच्या नजरेसमोर नेहमीसारखी उभी राहतच नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. श्वास सोडला. खांदा जिथे पडायचा तिथे पडला.

मग पडद्यावर माझी पाठ आली. बसमध्ये मागे उभं राहणाऱ्या कोणीही पाहिलेली, आणि मी कधी धड न पाहिलेली. मी ती फिरवून फिरवून बघितली. मला वाटलं होतं रडू येईल. कसलं काय, संताप आला. एवढंच? एवढ्याशा वळणासाठी मला इतकी वर्षं गुंडाळून ठेवलं?

त्याच तिरीमिरीत नियम लिहायला घेतले. पाठीचे तुकडे पाडायचे, कापड फार न ताणता प्रत्येक तुकडा सपाट व्हायला हवा, शिवण जिथे वळण जास्त तिथून जायला हवी. कागदावर तुकडे छापले, स्वस्तातलं मांजरपाट आणलं, कापलं, जोडलं, घातलं. उजवीकडे चोळामोळा आणि डावीकडे फुगा! मास्टर परवडले म्हणायची वेळ आली. मैत्रीण हसून हसून खुर्चीवरून पडायच्या बेतात.

दोन संध्याकाळी डोकं आपटल्यावर चूक सापडली. आमच्या धंद्यात एक सवय असते. अर्धं काढायचं आणि उरलेलं अर्धं आरशात दिसतं तसं उलटवून घ्यायचं. हात आपोआप ते बटण दाबतो. मी उजवी पाठ काढली होती आणि डावी तिच्यावरून उलटवली होती. म्हणजे मास्टरांनी कापडाची घडी घातली, आणि त्यांना नावं ठेवत मी कॉम्प्युटरात घातली. स्वतःलाच दोन शेलक्या शिव्या हासडल्या. मग ते उलटवणं काढून टाकलं. पाठीच्या मधोमध मानेपासून कमरेपर्यंत मी एक सरळ उभी रेघ धरली होती, बाकी सगळी मापं तिच्यावरून. तीही पुसली. तिच्या जागी माझ्या मणक्याची रेघ ठेवली, जशी वळते तशी. पडद्यावरचे तुकडे हलले, एकमेकांत सरकले आणि जागच्या जागी बसले. त्या रेघेवरच मागची हुकपट्टी घ्यायची, असं मी ठरवलं. आडून आडून नाही, सरळ सगळ्यांना दिसेल अशी.

मास्टरांनी कागदाचे तुकडे टेबलावर पसरले आणि चष्मा काढून पुन्हा लावला. "ताई, यातला एकही तुकडा दुसऱ्यासारखा नाही."

"नाहीच."

"मग घडी कुठे घालायची?"

"घालायचीच नाही. एकेक तुकडा वेगळा कापायचा."

"लोक म्हणतील मास्टरने वाट लावली. दुकान आहे माझं."

"लोकांना सांगा, कापड गिऱ्हाइकाचं आणि पाठही गिऱ्हाइकाची."

ते बराच वेळ धुसफुसले. हुकपट्टी वाकडी म्हणजे त्यांना अगदी अब्रू गेल्यासारखं वाटत होतं. पण घेतला शिवायला.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात ब्लाउज मिळाला. हातात घेतला आणि डावा खांदा चाचपला, तर अस्तराच्या आत काहीतरी मऊ लागलं. पॅड! मी मास्टरांकडे बघितलं, मास्टर पंख्याकडे बघायला लागले. "काकूंचा फोन आला होता," ते म्हणाले. "पातळच घातलंय." मी त्यांचीच छोटी कात्री मागून घेतली आणि तिथेच उभी राहून शिलाई उसवली. दुकानात आणखी दोन बायका होत्या, त्यांना फुकटची करमणूक झाली. मास्टरांनी गुपचूप अस्तर परत शिवून दिलं.

घरी येऊन ते पॅड मी आईपुढे ओट्यावर ठेवलं आणि विचारलं,

"हे काय आहे?"

ती चिडेल असं वाटलं होतं. चिडलीच. "मला काय हौस आहे का? तू पुढे चालतेस. तुझ्या मागे बायका काय बोलतात ते तुला ऐकू येत नाही. मला येतं." मग तिचा आवाज एकदम खाली आला. "तुझा पट्टा मीच आवळायचे. तू रडायचीस, तरी आवळायचे. एवढं करून राहिलं ते राहिलंच. लोकांना वाटतं आईने वेळेवर लक्ष दिलं नाही."

हे मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत होतं, तिला माझी लाज वाटते. पण त्या वेळी नरमले असते तर शाल अंगावर आलीच असती. मी म्हटलं, "आई, तू लक्ष दिलंस हे मला माहितीये. बास झालं. आणि मी झाकून बसले ना, तर त्या बायकांचंच खरं ठरेल."

तिने कुकर लावला. करवली कोण, हे काही बोलली नाही, आणि मीही विचारलं नाही.

लग्नाच्या सकाळी कार्यालयाच्या खोलीत मला पाठीमागचे हुक लावता येईनात. आई आत आली, मला वळवलं आणि खालून एकेक हुक लावायला लागली. त्या वाकड्या पट्टीवरून तिची बोटं वर येत होती. उजवीकडच्या उंचवट्यापाशी थांबली.

"घट्ट होतंय?"

"नाही."

तिने गळा धरून ओढून बघितला. हलला नाही. दुसऱ्या बाजूनेही ओढला. मग म्हणाली, "चल, करादिवा घे. भटजी मघापासून हाका मारतायत." मावसबहिणीच्या हातात तिने अक्षतांचं ताट दिलेलं होतं.

मी भावाच्या मागे जाऊन उभी राहिले. पदर एकाच खांद्यावर, उजवी पाठ उघडी, दिवा हातात. अंतरपाट धरला गेला. आमच्याकडे मंगलाष्टकं चालू असताना नवरदेवाच्या आईने तुळशीला पाणी घालत बसायची पद्धत आहे, म्हणून आई तांब्या घेऊन स्टेजच्या पायऱ्या उतरायला लागली होती. तेवढ्यात फोटोग्राफर मला म्हणाला, "करवलीताई, डावा खांदा जरा वर घ्या. अजून थोडा. जरा सरळ उभ्या राहा ना."

पुढच्या रांगेतल्या बायकांच्या माना वळल्या. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. पण आई पायरीवरच थांबली आणि भटजींनासुद्धा गप्प करेल अशा आवाजात म्हणाली, "अहो, ती सरळच उभी आहे. तुम्हाला दिसत नसेल तर तुम्ही वाकडे व्हा."

आणि तुळशीला पाणी घालायला निघून गेली.