बर्फ म्हणून पसरलेला कापूस
परवा चिखलीतल्या दुकानात नाताळच्या झाडावर चिकटवायचा कापूस खाली सांडला आणि दुकानदाराने तो चपलेनेच बाजूला सारला, तेव्हा सातवीतली नाताळची सुट्टी आठवली. शेतातली कापसाची वेचणी एक दिवस थांबवून आई मला आकाशपाळण्यांच्या मोठ्या पार्कात घेऊन गेली होती. आत गोड पॉपकॉर्नचा वास होता, स्पीकरवर घंटा किणकिणत होत्या, आणि वाटभर बर्फ म्हणून कापूस पसरला होता, सरकीसकट, आमच्या शेतातल्यासारखा. लोक त्यावर उभे राहून फोटो काढत होते. "कापसाले पाय लावून राह्यले हे," असं म्हणत आईने पदराची ओटी केली आणि ती सरळ वेचायलाच बसली. गेटवरचा माणूस धावत आला. "ओ बाई, डेकोरेशन हाय ते. चोरून राह्यल्या का?" सगळ्यांसमोर त्याने तिला ओटी झाडायला लावली. बोंडांनी बोटं चिरलेल्या बाईला कापूसचोर म्हणाला तो, आणि मी चिडले ती आईवर, चारचौघांत लाज आणली म्हणून. परवा दुकानात मीच खाली बसून तो कापूस वेचला. सोबत आलेली माझी मुलगी तोंड फिरवून दाराबाहेर जाऊन उभी राहिली.