एदुविहेस दोरीच्या आत बसली

एदुविहेस बैलोननं एकतीस वर्षं हॉटेलच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री केली. धोबीखाना तळघरात, खिडकी नाही. समुद्र तिथून दीडशे पावलांवर, पण तिच्या वाट्याला यायची ती पाहुण्यांच्या टॉवेलांतून झटकलेली वाळू. हॉटेल नव्हतं तेव्हा त्याच किनाऱ्यावर तिचा नवरा क्रेसेन्सियो जाळी वाळवायचा. आता तो नव्हता आणि जाळ्यांच्या जागी पांढऱ्या छत्र्या होत्या.

त्रेसष्टाव्या वर्षी ती निवृत्त झाली. व्यवस्थापक रेंतेरियांनी केक कापला आणि बाईंच्या नावाआधी लावतात तो मानाचा 'दोन्या' लावून सगळ्यांसमोर म्हणाले, "दोन्या एदु, आता नुसता आराम करा."

पुढच्याच रविवारी, सकाळी दहाच्या सुमारास, ती नणंद तोमासाला घेऊन निघाली. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, लोखंडी शेगडी, नारळाची सोडणं, चिंचेच्या पाण्याचा कॅन आणि दीड किलोची तांबोशी मासळी. हॉटेलनं थेट लाटांपर्यंत दोरी बांधून आपली हद्द आखली होती. गावकरी बसायचे ते पलीकडे, नाल्याच्या तोंडाशी. एदुविहेस वाकली आणि दोरीखालून आत गेली.

"वहिनी, इथं?" तोमासा दोरीबाहेरच थांबली.

"इथंच. खुर्ची दे इकडं."

तिनं मासा पाठीतून चिरून पुस्तकासारखा उघडला, सुक्या लाल मिरचीचं वाटण बोटांनी चोळलं आणि जाळीत धरून शेगडीवर ठेवला. सोडणांचा धूर निघतो न निघतो तोच पहारेकरी आबुन्दियो आला. त्याच्या बारशाला तिनंच त्याला मांडीवर घेतलं होतं.

"मावशी, दोरीच्या पलीकडं बसा की. तिकडं सावली आहे."

"तिकडं नाल्याची घाण येते. तू बसशील का तिथं जेवायला?"

"साहेब मला बोलतील."

"बोलू दे. तू सांगितलंस, मी ऐकलं नाही. एवढंच जाऊन सांग."

मग रेंतेरिया स्वतः आले, बूट वाळूत रुतवत. "दोन्या एदु, तुम्ही तर आमच्या घरच्या."

"मग घरच्या बाईला जेवणावरून उठवायला का आलात?"

"पाहुण्यांना धुराचा त्रास होतो."

"धूर तिकडं जाणार नाही अशी शेगडी सरकवते. मी नाही सरकणार. वाळू देशाची आहे, कायद्यात लिहिलंय. तुमचं हॉटेल त्या भिंतीच्या आत."

"मला कायदा शिकवता?"

"छे. आराम करतेय. तुम्हीच सांगितलंत ना?"

बाजूच्या छत्रीखाली कुणीतरी हसलं. रेंतेरियांचे कान लाल झाले. त्यांनी पोलिसांना फोन केला. थोड्याच वेळात दोन शिपाई घाम पुसत आले. थोरल्यानं विचारलं, "काचेच्या बाटल्या आहेत का? किनाऱ्यावर मनाई आहे."

"चिंचेचं पाणी आहे. देऊ?"

दोघांनी उभ्याउभ्या दोन-दोन पेले घेतले. किनाऱ्यावरून कुणाला हाकलता येत नाही, असं थोरला शिपाई रेंतेरियांकडे न बघता बोलला, आणि ते गेले.

मासा तोवर कडेनं काळपट झाला होता, आत पांढरा, रसाळ. गरम तोर्तियात, मक्याच्या पातळ भाकरीत घालून, वर लिंबू पिळून दोघींनी तो काट्यांपर्यंत खाल्ला. मग करायला काही उरलं नाही, आणि एदुविहेसची पंचाईत झाली. हात रिकामे राहीनात. मांडीवरचा रुमाल तिनं घडी घालून मोडला, पुन्हा घातला.

"वहिनी, ठेवा तो खाली," तोमासा म्हणाली.

तिनं ठेवला. फ्रॉकसकट कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभी राहिली. लाट आली की दुखरे गुडघे हलके व्हायचे. ती बराच वेळ तशीच राहिली.

सोमवारी मुलगी नोएमी कामावरून आली ती पर्स आपटतच. हॉटेलच्या स्वागतकक्षातून तिची बदली धोबीखान्यात झाली होती.

"झालं समाधान? एका माशासाठी माझी खुर्ची गेली."

"माशासाठी नाही."

"मग कशासाठी? तुला बसायला दुसरी जागा नव्हती?"

एदुविहेसनं तिची पर्स उचलून खुंटीला अडकवली. त्या रात्री जेवण गेलं नाही तिला. पोरीला आपण इंग्रजीच्या वर्गाला घातलं, ते तळघर टळावं म्हणून, आणि आपल्याच हट्टानं ती तिथं गेली. आता किनारा सोडून घरी बसावं, असं मनात आलं. पण आपण उठलो की रेंतेरियांना कळेल, पोरीला खाली पाठवलं की आई गप्प होते. मग ते दर वेळी तेच करतील.

रविवारी ती पुन्हा गेली. त्याच्या पुढच्या रविवारी शेजारच्या तीन बाया कोळंबी घेऊन आल्या. चौथ्या खेपेला इतकी माणसं झाली की आबुन्दियोनं कुणाला काही विचारणंच सोडलं. दोरी मात्र निघाली नाही. सकाळी हॉटेलवाले ती लाटांपर्यंत बांधायचे, दुपारपर्यंत पायात येऊन येऊन ती खाली पडलेली असायची.

नोएमी महिनाभर आईशी कामापुरतंच बोलली. पाचव्या रविवारी, सुट्टी होती म्हणून, ती वाळूतून चालत आली. तिच्या मनगटावर इस्त्रीचा चटका होता. एदुविहेसनं तो पाहिला. तिनं शेपटीकडचा कुरकुरीत तुकडा काढून तोर्तियात घातला आणि पुढे केला.

"मला अजून तुझं पटलेलं नाही," नोएमी म्हणाली.

"नसू दे पटलेलं. लिंबू घे."

नोएमीनं खाल्लं. दुसरी तोर्तिया स्वतःच भरून घेतली. मग सँडल काढून, वाळूत बसून तिनं आईच्या खुर्चीला पाठ टेकली. वरच्या गच्चीतून रेंतेरिया बघत होते. नोएमीनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, ते आत जाईपर्यंत पाहिलं, आणि बोटांवरची मिरची चाटली.