हिरवट संत्रे

प्रूफ मी गुंडाळून परत नळकांड्यात घातलं. सही केली नाही. बायको म्हणाली, सत्तराव्या वर्षी पहिल्यांदा कोणी विचारून राहिलं, तर यांची मिजास सुरू.

प्रूफ म्हणजे चित्राच्या छपाईची पहिली नमुना-प्रत. चित्रकारानं तिच्यावर सही केली की तोच रंग खरा धरून बाकीच्या प्रती काढतात. मोजक्याच. प्रत्येकीवर नंबर आणि चित्रकाराची पेन्सिलीतली सही. याला एडिशन म्हणतात. मी चौथी शिकलेला. परतवाड्यात चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, चित्रं घरी काढली. पण माझं चित्र छापायला घेतलेल्या पुण्याच्या पब्लिशर मॅडमना हे मला एकदाच सांगावं लागलं.

चित्र होतं मंडीतल्या संत्र्यांच्या ढिगाचं. आंबिया बहाराचे संत्रे, दिवाळीच्या आगेमागे येतात ते. पिकून गोड झाले तरी साल हिरवट राहते. त्या हिरवटासाठी मी सहा दिवस घालवले होते. प्रूफमध्ये अख्खा ढीग शेंदरी.

फोन लावला. मॅडम म्हणाल्या, स्कॅन करताना रंग बिघडला असं प्रिंटरला वाटलं, म्हणून त्यानं करेक्शन केलं.

"मले न विचारता कावून केलं?"

"काका, घेणारे लोक पुण्या-मुंबईचे. हिरवं संत्रं त्यांना कच्चं वाटेल."

"खाऊन पाहा म्हणा त्याईले."

"ज्या प्रदर्शनात या प्रती लावायच्या, त्याची यादी सोमवारी बंद होते. सही आली नाही, तर तुमचं चित्र यंदा वगळावं लागेल."

"वगळा. खोट्या संत्र्याखाली मी माझं नाव नाई लिहत."

फोन ठेवला. असं बोलावणं पुन्हा येणार नव्हतं, एवढं मलाही कळत होतं. पण सही करायला हात होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मंडीत गेलो. स्वतः निवडून दोन डझन संत्रे घेतले, पेटीत तणस घालून भरले. अमरावतीला जाऊन पेटी पुण्याच्या ट्रॅव्हल्सवर चढवली. आत चिठ्ठी टाकली, एक संत्रा माझ्या चित्राजवळ ठेवून पाहा, बाकीचे खा. मूळ चित्र त्यांच्याकडेच होतं.

शनिवारी मॅडमचाच फोन आला. ऑफिसात सगळ्यांनी खाल्ले होते. प्रिंटरनं साल चित्राला लावून पाहिली आणि म्हणाला, चूक माझी. यादीत माझी जागा त्यांनी राखून ठेवली.

दुसरं प्रूफ आलं. अंगणात सावलीत धरून पाहिलं. संत्रे बरोबर होते, पण ढिगाखालचा गोणपाटाचा बारदानाही हिरवा झाला होता. मी तसं कळवलं.

"काका, अजून?" मॅडम म्हणाल्या.

"बारदाना झाडाले लागत नाई, मॅडम."

त्या हसल्या. तिसऱ्या प्रूफवर मी सही केली.

प्रदर्शनात चित्र लागलं. त्यांनी फोटो पाठवला, चित्रासमोर दोन बाया वाकून पाहत होत्या. आता मॅडमना वऱ्हाडातलंच आणखी एक चित्र हवं आहे.

मी यातून एवढंच शिकलो, की फोनवर रंग सांगता येत नाही, वस्तू दाखवावी लागते. सध्या अकोल्याकडच्या बैलबाजाराचं चित्र काढून राहिलो. बैल पार्सल होत नाही, म्हणून प्रिंटरलाच इकडं बोलावलं आहे. येतो म्हणाला.